पळस, ढालकिडा, आंब्याचं तोरण: लहान मुलांकडून कागदाच्या घड्या नीट करून घेण्यासाठी

व्हिडिओत दोन मिनिटांत होणारं कागदाचं फूल घरी अर्ध्या तासातही होत नाही. कागद चुरगळतो, मूल कंटाळून उठतं आणि शेवटी आईच ते फूल पुरं करते. दर फाल्गुनात ही तक्रार माझ्याकडे येते आणि दरवेळी कारणं तीच निघतात: कागद खरा चौरस नव्हता, टोकं जुळायच्या आधीच घडी दाबली, आणि पहिलाच नमुना मुलाला झेपणारा नव्हता. मुलाच्या हाताचा यात काही दोष नसतो.

मी सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात राहते. होळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, सकाळी गल्लीतली पाच-सहा पोरं आमच्या ओट्यावर घड्या घालायला बसतात. पहिल्या वर्षी मी एकदम वीस मुलं घेतली, वेळ दुपारची ठेवली, कूलर समोर लावला आणि थेट सारस पक्षी शिकवायला घेतला. त्याला वीसच्या वर घड्या लागतात. कूलरच्या दमट वाऱ्याने कागद मऊ पडले, टोकं चुरगळली, आणि एक सहा वर्षांची मुलगी अर्धवट राहिलेला पक्षी फ्रॉकच्या खिशात लपवून गुपचूप घरी गेली. ते मला फार लागलं. त्यानंतर मी सगळा क्रम बदलला. खालच्या पाच वस्तूंपैकी तीन एकाच त्रिकोणातून निघतात, म्हणून सगळा जोर त्या त्रिकोणावर आहे. तो हाताला बसला की बाकीचं मुलं आपण होऊन करतात.

## तयारी: कागद

दुकानात ‘घोटीव कागद’ म्हणून मागा. एका बाजूला रंग, दुसरी पांढरी. मुलाला ‘पांढरी बाजू वर’ एवढं सांगितलं की पुरतं, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा. तो नसेल तर रंगीत झेरॉक्सचा ए-फोर कागद चालतो, ७० ते ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप). दोन्ही बाजू सारख्या असल्याने एका बाजूला पेन्सिलीने छोटी फुली मारून ठेवा आणि ‘फुलीची बाजू वर’ म्हणा.

कार्डशीट घेऊ नका. एकावर एक घडी आली की ते तडकतं आणि मुलाच्या अंगठ्याने दबत नाही. पतंगाचा कागद दिसतो छान, पण घामेजल्या बोटांनी लगेच फाटतो. चमकीचा कागद हातातून निसटतो. जुनं वर्तमानपत्र मात्र भरपूर ठेवा. सराव त्यावरच करायचा.

मापाबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. लहान हात म्हणून लहान कागद दिला जातो. करायचं उलट: मूल जितकं लहान, तितका कागद मोठा. चार ते सहा वर्षांच्या मुलांना २१ सेंटिमीटरचा चौरस द्या. सात-आठच्या पुढे १५ सेंटिमीटरचा चालेल. त्याहून लहान कागदावर केसभर चूकही डोळ्यांत भरते.

एका मुलामागे प्रत्येक वस्तूला दोन चांगले चौरस धरा, आणि वर्तमानपत्राचे पाच-सहा.

## तयारी: चौरस कापणे

हे काम मोठ्यांनी आदल्या रात्री करून ठेवायचं. मुलांसमोर कापत बसलात तर पहिली पंधरा मिनिटं तिथेच जातात.

१. ए-फोर कागद आडवा ठेवा. तो २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो.

२. डावी आखूड कड उचलून खालच्या लांब कडेवर बरोबर बसवा. तिरकी घडी पडेल. ती पक्की दाबा.

३. उजवीकडे एकपदरी पट्टी उरते. तिच्या सीमेवर मोजपट्टी ठेवून पेन्सिलीची रेघ ओढा आणि कात्रीने कापा. घडीवर जीभ फिरवून कागद फाडायची सवय कितीतरी जणांना असते. त्याने कड दातेरी होते आणि दातेरी कड कधीच जुळत नाही.

४. उलगडला की २१ सेंटिमीटरचा चौरस तयार. उरलेल्या पट्टीतून साधारण पावणेनऊ सेंटिमीटरचे दोन चौरस निघतात. ते टाकू नका, तोरणाच्या शेंड्याला उपयोगी पडतात.

तपासणी: चौरस एका कर्णावर दुमडा, मग उलगडून दुसऱ्या कर्णावर दुमडा. दोन्ही वेळा चारी कडा एकमेकींवर बसल्या तरच तो चौरस. बाजारात तयार कापलेले रंगीत चौरस मिळतात, त्यांचीही हीच परीक्षा घ्या. एका पुडक्यातले निम्मे कागद दोन-तीन मिलिमीटरने लांबट निघालेले मी पाहिले आहेत. असा कागद मुलाला दिला तर ते कितीही नीट करो, टोक चुकणारच, आणि मूल समजतं की आपल्यालाच जमत नाही.

## तयारी: जागा आणि वेळ

वेळ सकाळी आठ ते दहा. चैत्र लागला की आपल्याकडे दहानंतर ओट्यावर बसवत नाही, आणि एप्रिलमध्ये पारा ४२-४३ च्या वर गेला की घाम सुटलेल्या बोटांचे डाग रंगीत कागदावर उमटतात. प्रत्येक मुलाजवळ एक सुती रुमाल हवा.

पंखा बंद ठेवा किंवा मुलांना त्याच्या झोताबाहेर बसवा. कूलरसमोर तर कागदाचा गठ्ठासुद्धा ठेवू नका. दमट हवेने कागद लुळा पडतो आणि घडी धरत नाही. उलट, कोरड्या उन्हात ठेवलेला कागद कडक होऊन घडीवर तडकतो. गठ्ठा घरात, कपाटात, वहीत दाबून ठेवलेला बरा.

सतरंजीवर घडी पक्की होत नाही, खाली टणक हवं. प्रत्येकासाठी टेबल कुठून आणणार? पाट घ्या, नाहीतर पोळपाट. आमच्याकडे पोरं घरून पोळपाट घेऊनच येतात. तो पुसून कोरडा करून घ्या, पिठाचा हात लागला की कागद घसरतो.

सावध: मुलाच्या समोर बसून शिकवू नका. तुमचं डावं त्याचं उजवं होतं आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. शेजारी बसा, त्याच दिशेला तोंड करून. पाच मुलं असतील तर ओळीने बसवा आणि ‘डावं-उजवं’ सोडून ‘भिंतीकडचं टोक’, ‘दाराकडचं टोक’, ‘पोटाकडचं टोक’ असे शब्द वापरा. पाच वर्षांच्या मुलाला भिंत नेहमी कळते.

आणि एक नियम मी स्वतःला घालून घेतला आहे: माझ्या हातात माझा कागद, मुलाच्या हातात मुलाचा. त्याच्या कागदाला मी बोट लावत नाही. घडी वाकडी गेली तर माझा कागद उलगडून पुन्हा दाखवते.

## टप्पा १: नुसता त्रिकोण

पहिल्या दिवशी एवढंच. वस्तू काही करायची नाही. खूप जण हा दिवस वगळतात, आणि पुढचं सगळं त्यामुळेच बिघडतं.

१. वर्तमानपत्राचा चौरस पोळपाटावर तिरका ठेवा: एक टोक पोटाकडे, एक समोर, एक भिंतीकडे, एक दाराकडे.

२. पोटाकडचं टोक दोन्ही हातांनी उचलून समोरच्या टोकावर न्या. घडी नेहमी आपल्यापासून लांब घालायची. जुळणारी टोकं तेव्हा डोळ्यांसमोर राहतात. स्वतःकडे घातली की ती हाताखाली झाकली जातात.

३. टोकाने टोकाची पापी घ्यायची. असं म्हटलं की मुलं बरोबर हळू होतात. पापी झाली की एका हाताची दोन बोटं त्या टोकांवर ठेवायची आणि तो हात हलवायचा नाही. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने धरू द्या.

४. आता दुसऱ्या हाताचं बोट टोकापासून सरळ खाली, पोटाच्या दिशेने, घडीच्या मधोमध आणा. तिथे दाबा.

५. मधून भिंतीकडे, मग मधून दाराकडे अंगठ्याने ‘इस्त्री’ फिरवा.

पाचवी पायरी बारकाईने बघा. बहुतेक मुलं, आणि मोठी माणसंसुद्धा, घडी एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत दाबत जातात. त्यात वरचा पदर पुढे सरकतो आणि शेवटच्या कोपऱ्यात कागद चुन्या पडून गोळा होतो. मधून बाहेर दाबलं तर तो सरकत नाही. परवाच एक पोरगा रडवेला होऊन म्हणाला, “मावशी, मना कागद वाकडा व्हई गया.” मी त्याला तीन नवे तुकडे दिले आणि फक्त ‘पापी, धर, मधून बाहेर’ एवढंच म्हणवून घेतलं. तिसरा त्रिकोण कडेला कड लागून आला. तो त्याने दिवसभर शर्टाच्या खिशात ठेवला.

तपासणी: त्रिकोणाच्या दोन्ही तिरक्या कडांना खालचा पदर आगकाडीच्या जाडीएवढा डोकावला तर चालेल. त्याहून जास्त असेल तर नवा कागद. जुनीच घडी उलगडून शेजारी दुसरी घालू नका. कागद पहिल्या रेषेकडेच ओढला जातो.

सलग तीन त्रिकोण बरे आले की मूल पुढच्या टप्प्याला तयार आहे. चार वर्षांच्या मुलाला याला दोन-तीन दिवस लागतात. लागू द्या.

## टप्पा २: पळसाचं फूल (वय ४ च्या पुढे)

फेब्रुवारी-मार्चमध्ये यावल-चोपड्याच्या बाजूला, शिरपूर-शहाद्याकडे सातपुड्याच्या अंगाला पळस पेटलेला असतो. शक्य असेल तर घड्या घालण्याआधी झाडाखाली पडलेलं एक फूल मुलांच्या हातात द्या. देठाशी काळपट मखमली टोपी, तिच्यातून निघालेली केशरी पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वळलेली. हे हातात घेऊन बघितलेलं मूल तिसरी आणि चौथी पायरी सांगायच्या आधीच करतं.

केशरी घोटीव कागद, पांढरी बाजू वर.

१. टप्पा १ प्रमाणे त्रिकोण. घडीची लांब बाजू पोटाकडे, टोक समोर.

२. भिंतीकडचा कोपरा वर उचला आणि समोरच्या टोकाच्या शेजारी न्या. टोकावर न्यायचा नाही, दोन बोटं अंतर ठेवून शेजारी. दुमड लांब बाजूच्या मध्यापासून थोडी भिंतीकडे सुरू होते. दाराकडच्या कोपऱ्याचंही तसंच. आता तीन टोकं दिसतील, मधलं जरा मागच्या बाजूला.

३. खालचं टोक अंगठ्याच्या नखाएवढं मागे दुमडा. त्या भागाला काळ्या स्केचपेनने किंवा खडूने रंग द्या. ही झाली मखमली टोपी.

४. एका बाजूचं टोक पेन्सिलीवर गुंडाळून सोडा. ते चोचीसारखं वळतं. एकच वळवा, तिन्ही वळवली तर ते दुसरंच कुठलं फूल दिसतं.

इथे चुकतं: दोन्ही कोपरे थेट मधल्या टोकावर नेले तर फूल न होता तिरका चौकोन होतो. मूल तसं घेऊन आलं तर टाकून देऊ नका. तो उलटा धरला की पुढच्या टप्प्यात कामी येतो.

हिरवा देठ आणि पानं लावायचा मोह आवरा. पळस फुलतो तेव्हा फांदीवर बहुधा पान नसतं. अंगणात पडलेली वाळकी काडी घ्या आणि तिच्यावर सहा-सात फुलं खळीने चिकटवा. खळ घट्ट हवी. पातळ झाली तर कागद फुगतो आणि घड्या सुटतात. पानगळीच्या फांदीवर केशरी फुलं, बाकी काही नाही. मुलांना ते पाहताक्षणी ओळखू येतं. ओली फांदी मोडू देऊ नका.

## टप्पा ३: ढालकिडा (वय ४ च्या पुढे)

कपाशीच्या गावातल्या मुलांना ढालकिडा (लेडीबग) सांगावा लागत नाही. पिकावरची मावा कीड खाणारा, शेतकऱ्याचा मित्र. घड्या पळसाच्याच, फक्त उलट्या धरलेल्या, म्हणून हा पळसाच्या लगेच दुसऱ्या दिवशी घ्या.

१. लाल कागदाचा त्रिकोण करा. आता तो फिरवा: लांब बाजू समोर, टोक पोटाकडे. हात फिरवायचा नाही, कागद फिरवायचा.

२. दोन्ही कोपरे खाली आणा, पोटाकडच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना. मधे एक बोट फट ठेवा. हे पंख.

३. वरचं टोक मागे दुमडा, दीड सेंटिमीटर. हे डोकं. डोकं आणि पंखांमधली फट काळी रंगवा.

४. ठिपके. सात ठिपक्यांच्या ढालकिड्याला दोन्ही पंखांवर तीन-तीन आणि सातवा डोक्यालगत, दोन्ही पंखांत वाटलेला. मोजत काढायला मुलांना फार आवडतं.

ठिपके सुकेपर्यंत हात लावू देऊ नका. एवढंच.

## टप्पा ४: आंब्याच्या पानाचं तोरण (वय ५ च्या पुढे)

हे पाडव्याच्या आठवडाभर आधी सुरू करा. इथे पहिल्यांदाच कड रेषेला लावायची आहे. टोकाला टोक लावण्यापेक्षा हे अवघड. आमच्याकडे “माले जमत नही” हे वाक्य सगळ्यात जास्त इथेच ऐकू येतं.

रंग निवडताना थोडी गंमत करा. सगळी पानं हिरवी करू नका. वसंतात आंब्याची कोवळी पानं तांबूस असतात. तीन हिरव्या पानांमागे एक तांबूस किंवा विटकरी ठेवा.

१. पांढरी बाजू वर. त्रिकोणाची घडी घालून पुन्हा उलगडा. मधली रेषा आता पोटाकडून समोर जाईल असा कागद फिरवा.

२. रेषेवर मुलाला बोट फिरवू द्या. “हा रस्ता. आता कड रस्त्याला लावायची.”

३. समोरच्या टोकापासून निघालेली भिंतीकडची कड मधल्या रेषेवर आणा. समोरच्या टोकापाशी एक बोट घट्ट दाबून ठेवायचं, नाहीतर टोक सरकतं. दाराकडची कडही तशीच. पतंगाचा आकार होईल.

सावध: दोन्ही कडा रेषेला अगदी चिकटवू नका, केसभर फट ठेवा. कडा एकमेकींवर चढल्या की पुढची घडी जाड होते, आणि पान मधोमध दुमडताना टोकापाशी कागद फाटतो.

पाच वर्षांच्या मुलाने इथेच थांबावं. पतंग उलटा केला की पानासारखाच दिसतो, तोरणात शोभतो. पुढच्या दोन पायऱ्या सहा-सातच्या मुलांसाठी.

४. पोटाकडच्या दोन आखूड कडाही मधल्या रेषेवर आणा. दोन्हीकडे सारखं निमुळतं पान होईल.

५. पान उलटं करून लांबीच्या बाजूने मध्ये दुमडा, इस्त्री फिरवा आणि अर्धवट उलगडा. मधली शीर उठून दिसते.

तोरणासाठी सुतळी दाराच्या रुंदीपेक्षा हातभर जास्त घ्या. पानाचं एक टोक दोन सेंटिमीटर मागे दुमडा, दुमडीत सुतळी घाला, मग खळ. सगळी पानं आधी फक्त अडकवून बघा, अंतरं सारखी करा आणि चिकटवायचं त्यानंतर. आधी चिकटवत गेलं की अर्धं तोरण दाट आणि अर्धं विरळ होतं. पट्टीतून उरलेल्या छोट्या चौरसांची पानं दोन टोकांना लावा.

## टप्पा ५: पेला (वय ६ च्या पुढे)

पुन्हा तोच त्रिकोण. पाडव्याला साखरेच्या गाठी, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे वाटायला हा पेला उत्तम. खाऊसाठी मात्र कोरा पांढराच कागद वापरा. रंगीत कागदाचा रंग आणि वर्तमानपत्राची शाई खाऊला लागते.

१. त्रिकोण करा. लांब बाजू पोटाकडे, टोक समोर.

२. समोरच्या टोकाचे दोन पदर आहेत. फक्त वरचा पदर धरा आणि त्याची दाराकडची तिरकी कड खाली, पोटाकडच्या लांब बाजूवर आणा. घडी दाबा आणि पुन्हा उलगडा. एक तिरकी खूण राहील, दाराकडच्या कोपऱ्यातून निघून भिंतीकडच्या कडेपर्यंत गेलेली.

३. ती खूण भिंतीकडच्या कडेला जिथे टेकते तिथे पेन्सिलीने ठिपका द्या. दाराकडचा कोपरा उचलून त्या ठिपक्यावर ठेवा. इस्त्री.

तपासणी: या दुमडीची वरची कड खालच्या लांब बाजूला समांतर आहे का? नसेल तर कोपरा ठिपक्यावर पोचलेला नाही.

४. आता भिंतीकडचा कोपरा विरुद्ध बाजूला न्या. पहिल्या दुमडीचं वरचं टोक जिथे दाराकडच्या कडेला लागतं, बरोबर तिथे. त्यासाठी वेगळी खूण लागत नाही.

५. वर दोन त्रिकोणी जिभा उरतात. एक पुढे दुमडून खाली आणा, दुसरी मागे. पुढची जीभ मधल्या खिशात खोचता येते.

६. दोन्ही बाजूंनी हलकं दाबा, तोंड उघडतं.

२१ सेंटिमीटरच्या चौरसाच्या पेल्याचं तोंड, सपाट असताना, साधारण १२ सेंटिमीटर येतं आणि उंची पावणेनऊ. मूठभर शेंगदाणे आरामात मावतात.

बहुतेक लोक ठिपक्याची पायरी गाळतात आणि कोपरा अंदाजाने ठेवतात. मोठ्यांचा अंदाज बसतो. मुलाचा पेला एका बाजूला कलतो आणि शेंगदाणे सांडतात. चार सेकंदांचं काम आहे, गाळू नका. दुसरी चूक दुसऱ्या पायरीत होते: दोन्ही पदर एकत्र दुमडले जातात. मुलाला आधी पदर मोजायला लावा, “एक, दोन”, आणि मग “एकच घे” म्हणा.

## टप्पा ६: फुलपाखरू (वय ८ च्या पुढे)

याला घाई नको. वरचं सगळं ज्या मुलाला न बघता येतं त्यालाच हे द्या, आणि शेजारी मोठं माणूस हवंच. १५ सेंटिमीटरचा, पातळसर कागद. आखाजीला झोका बांधतात त्या कडुनिंबाच्या फांदीला दोऱ्याने टांगायला आम्ही हीच फुलपाखरं करतो.

१. पांढरी बाजू वर. दोन्ही कर्णांवर घड्या घाला आणि उलगडा. फुली दिसेल.

२. कागद पालथा करा, रंग वर. आता समोरासमोरच्या कडा जुळवून पुस्तकासारखी एकच घडी घाला, उलगडा.

३. पुन्हा पालथा, पांढरी बाजू वर. पुस्तकाची घडी जिथे दोन कडांना लागते, तिथे दोन्ही हातांची बोटं ठेवून त्या जागा आत ढकला. वरची बाजू खालच्या बाजूवर येते आणि त्रिकोण बसतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन पदर.

तपासणी: एका बाजूला तीन पदर आणि दुसऱ्या बाजूला एक आला असेल तर एक पदर उलटवून समान करा. कागद आत जायला तयारच नसेल तर दुसऱ्या पायरीत पालथा करायचा राहिला आहे. जोर लावू नका, उलगडून पहिल्यापासून बघा.

४. बंद टोक पोटाकडे, उघडी लांब कड समोर. वरच्या पदराचे दोन्ही कोपरे खाली, पोटाकडच्या टोकावर आणा.

५. पालथं करा. टोक पोटाकडेच राहू द्या.

६. ते बंद टोक उचलून समोरच्या कडेच्या एक सेंटिमीटर पुढे न्या. मागच्या दोन दुमडी सोबत उचलायच्या नाहीत, त्या खालीच लोंबू द्या. तेच खालचे पंख. कागद इथे ताणला जातो आणि सपाट बसत नाही. तो तसाच असतो, घाबरू नका. टोक धरून ठेवा आणि दोन्ही बाजू अंगठ्याने हळूहळू बसवा.

७. कडेपुढे आलेलं टोक कडेवरून पलीकडे दुमडा. खळीचा एक ठिपका लावा आणि शंभरपर्यंत मोजत धरून ठेवा.

८. दोन्ही पंख नमस्कारासारखे जोडा, मधली घडी दाबा, सोडा.

सहाव्या पायरीला मूल बहुतेकदा हात सोडतं आणि सगळं उघडतं. या एका ठिकाणी मी माझा नियम मोडते: माझं एक बोट त्याच्या कागदावर, फक्त धरायला.

## अडलं तर

कागद घडीवर फाटला: मागून पातळ कागदाची चिकटपट्टी लावा आणि तीच वस्तू पुरी करू द्या. नवा कागद त्यानंतर. अर्धवट सोडलेली वस्तू मुलाच्या मनात राहते.

कागद मऊ पडला: दहा मिनिटं जाड वहीत दाबून ठेवा, तोवर मुलाला पाणी पाजा.

मूल दुसऱ्याच्या कागदाकडे बघून रडकुंडीला आलं: त्याला टप्पा १ चा वर्तमानपत्राचा चौरस द्या. हाताला येतं तेच करायला दिलं की पाच मिनिटांत ते पुन्हा रांगेत येतं. लहान मुलाकडून एका बैठकीत एकच वस्तू, फार तर अर्धा तास.

झालेल्या वस्तूंवर मागच्या बाजूला मुलाचं नाव आणि महिना लिहा. पळस, ढालकिडा आणि पानं चपटी असल्याने जुन्या वहीत दाबून ठेवली तरी चालतात. पेले एकात एक घालून डब्यात ठेवा. फुलपाखरं मात्र दाबू नका. दोऱ्याला टांगलेलीच घरात आणा आणि खिडकीपासून लांब, उन्हाचा पट्टा पोचत नाही अशा भिंतीला लावा, कारण वैशाखाच्या उन्हात घोटीव कागदाचा रंग लवकर उडतो.